यजमानाच्या घरातील पाहुणा : समाजमाध्यमातील कीड-सल्ल्याची चौकट

२००९ च्या हिवाळ्यात पीएच.डी.च्या संशोधनासाठी मी दिल्लीत होते. रविवारी जेवायला लक्ष्मीबाई नगरातील मामांच्या सरकारी निवासस्थानी जाण्याचा परिपाठ होता. आयएनए बाजाराच्या शेजारची ही केंद्रीय कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. मामेभाऊ तेव्हा अकरावीत शिकत होता. एका रविवारी पाने वाढली तरी तो संगणकासमोरून उठेना. "ताई, दोनच मिनिटं. स्ट्रॉबेरी तोडायला आलीय, उशीर झाला तर सगळी सुकून जाईल," तो म्हणाला. मामी हसून म्हणाल्या, "आजोबांच्या शेतात कधी पाय ठेवला नाही, आणि इथे तोडणीची घाई बघा."

तो 'फार्मव्हिल' हा खेळ होता. जून २००९ मध्ये फेसबुकवर सुरू झालेल्या या खेळात पुढील वर्षी दरमहा आठ कोटींहून अधिक माणसे आभासी शेती करीत होती. माझे लक्ष मात्र पिकाकडे नव्हते. खेळ एका कंपनीचा, पान दुसऱ्या कंपनीचे. भावाने खेळाला आपले नाव सांगितले नव्हते की मित्रांची यादी दिली नव्हती. तरीही पडद्याच्या तळाशी त्याच्या मित्रांची शेते नावानिशी हजर होती. या पाहुण्याला घरातली माणसे कोणी सांगितली? आणि सांगितली, तर किती सांगितली?

हा प्रश्न तेव्हा कुतूहलापुरताच राहिला. पुढे नोकरीनिमित्त मी त्याच वसाहतीत राहायला आले आणि कापसावरील गुलाबी बोंडअळीचा सल्ला शेतकरी जिथे आधीच बसलेला असतो त्या समाजमाध्यमातच ठेवता येईल का, याचा विचार करू लागले. तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर आला. अशी अ‍ॅपे बांधण्याचे काम संगणक अभियंत्यांचे असले, तरी त्यांत काय असावे आणि काय नसावे हे ठरविण्याचे काम आपले, म्हणजे कृषी संशोधक, विस्तार कार्यकर्ते आणि प्रयोगशील शेतकरी यांचे आहे. त्यासाठी या तंत्राची रचना आपल्याला समजली पाहिजे.

चौकट आणि भिंत

एका संकेतपानाच्या आत दुसरे संपूर्ण संकेतपान बसवायचे असेल, तर 'आयफ्रेम' नावाची चौकट वापरतात. मायक्रोसॉफ्टने ती १९९६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ३ या ब्राउझरमध्ये आणली आणि डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० या प्रमाणकात तिला स्थान मिळाले. पाहणाऱ्याला पान एकच दिसते. प्रत्यक्षात चौकटीबाहेरचा भाग एका सर्व्हरवरून आलेला असतो आणि आतला भाग दुसऱ्या.

कीटकशास्त्रात ज्या पिकावर कीड जगते त्याला आपण यजमान पीक म्हणतो. येथेही बाहेरचे समाजमाध्यम यजमान आणि चौकटीतील अ‍ॅप पाहुणे. या दोघांच्या मध्ये ब्राउझर एक भक्कम भिंत उभी करतो. दोन पानांचा उगम, म्हणजे त्यांचा शिष्टाचार, संकेतस्थळाचे नाव आणि पोर्ट क्रमांक, हे तिन्ही तंतोतंत जुळले नाहीत तर एका पानातील आज्ञावलीला दुसऱ्या पानातील मजकूर वाचता येत नाही. नेटस्केप नॅव्हिगेटर २ पासून चालत आलेला हा 'समान उगम' नियम नसता, तर कोणत्याही जाहिरातीच्या चौकटीने शेजारच्या पानातील बँकेचा तपशील वाचला असता.

भिंत हवीच, पण पूर्ण बंद भिंतीमागे पाहुण्याला काहीच करता येत नाही. वाचकाची भाषा कोणती, तो कोणत्या समूहातून आला, चौकटीची उंची किती ठेवावी, हे यजमान आणि पाहुणा यांना परस्परांना सांगावेच लागते. म्हणून भिंतीत एक छोटी खिडकी ठेवावी लागते.

खिडकीतून निरोप

आरंभी अशी अधिकृत खिडकी नव्हती. एक चौकट दुसरीचा पत्ता वाचू शकत नसे, पण बदलू शकत असे. पत्त्यातील 'हॅश' चिन्हाच्या पुढचा भाग बदलला, तर पान नव्याने उघडत नाही. याचा लाभ घेऊन कार्यक्रमक त्या भागात निरोप लिहून ठेवीत आणि पलीकडची आज्ञावली थोड्या थोड्या वेळाने तो तपासत राही. फेसबुकने २४ मे २००७ रोजी आपले व्यासपीठ बाहेरच्या अ‍ॅपांना खुले केले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला गूगलच्या पुढाकाराने 'ओपनसोशल' हे सामायिक प्रमाणक जाहीर झाले आणि भारतात तेव्हा घरोघरी पोहोचलेल्या ऑर्कुटवर त्यावर आधारलेली अ‍ॅपे आली. त्या काळातील चौकटींचा संवाद बऱ्याच अंशी अशा आडमार्गांनी चाले.

पुढे एचटीएमएल ५ च्या घडणीत 'पोस्टमेसेज' ही अधिकृत सोय आली. २००८ चा फायरफॉक्स ३ आणि २००९ चा इंटरनेट एक्स्प्लोरर ८ यांनी ती स्वीकारली. तिची रीत सोपी आहे. पाठविणारा निरोप आणि तो कोणत्या उगमाच्या पानाला द्यायचा त्याचे नाव ब्राउझरकडे सोपवितो. घेणाऱ्याला निरोपासोबत पाठविणाऱ्याचा उगम कळतो. हा उगम ब्राउझर स्वतः लिहितो, त्यामुळे पाठविणाऱ्याला तो खोटा सांगता येत नाही.

या सोयीत दोन चुका वारंवार होतात आणि कीटकशास्त्राच्या वाचकाला दोन्ही ओळखीच्या वाटतील.

पहिली चूक पाठविणाऱ्याची. निरोप कोणाला द्यायचा, या जागी नेमके नाव लिहिण्याऐवजी आळसाने तारांकित चिन्ह टाकले जाते. त्याचा अर्थ 'जो कोणी तेथे असेल त्याला'. मादी पतंग कामगंध वाऱ्यावर सोडते, तेव्हा तो नरासाठी असतो; पण ट्रायकोग्रामाची गांधीलमाशीही त्याच गंधाचा माग घेत त्या परिसरात येते आणि पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालते. जो निरोप सर्वांना ऐकू जातो तो शत्रूलाही ऐकू जातो. आपण शेतात याच तत्त्वावर सापळे लावतो. आपल्या अ‍ॅपमध्ये मात्र ते आपल्यावर उलटू नये.

दुसरी चूक घेणाऱ्याची. आलेला निरोप कोणाचा हे न पाहता तो पाळला जातो, किंवा पाहिले तरी अर्धवट पाहिले जाते. नावाच्या शेवटी ओळखीचे संकेतनाम आहे एवढे बघून समाधान मानणारी अ‍ॅपे पुष्कळ आहेत; त्या नावाच्या आधी दोन अक्षरे जोडून भलताच माणूस नवे संकेतस्थळ नोंदवू शकतो. युरोपातील 'लार्ज ब्लू' या निळ्या फुलपाखराची अळी लाल मुंग्यांच्या पिलांसारखा गंध धारण करते. मुंग्या तिला आपलेच पिलू समजून वारुळात उचलून नेतात आणि आत गेल्यावर ती त्यांचीच पिले खाते. मुंग्या तपासणी करतात, पण अपुरी करतात. म्हणून उगमाचे नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जुळले पाहिजे, अन्यथा निरोप टाकून द्यावा.

मोर्तब

चौकट उघडताना यजमान पाहुण्याला काही माहिती देतो : हा सदस्य अमुक क्रमांकाचा, त्याची भाषा मराठी, वेळ अमुक. ही माहिती वाचकाच्या स्वतःच्या उपकरणावरून येते. वाटेत ती बदलली नाही हे पाहुण्याने कसे ओळखावे?

शिवकाळातील पत्रांत मजकूर संपताच मोर्तब उमटवीत. त्यानंतर कोणाला एक ओळही वाढविता येऊ नये, हा त्यामागील हेतू. फेसबुकच्या चौकटीतील अ‍ॅपांना मिळणारी 'स्वाक्षरीत विनंती' याच जातीची होती. यजमान आणि पाहुणा या दोघांनाच ठाऊक असलेली एक गुप्त किल्ली असते. मजकूर आणि किल्ली यांच्यावर एचमॅक-शा २५६ नावाची गणिती क्रिया करून एक ठसा काढतात व तो मजकुरासोबत पाठवितात. पाहुण्याचा सर्व्हर तीच क्रिया पुन्हा करतो. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले असेल तरी ठसा जुळत नाही. २०२२ पासून चालणारी टेलिग्रामची लघुअ‍ॅपे हेच तत्त्व वापरतात. त्यात वेळेची नोंदही असते, जेणेकरून जुना खरा निरोप कोणी पुन्हा नव्याने खपवू नये.

ही पडताळणी पाहुण्याच्या सर्व्हरवर झाली पाहिजे, वाचकाच्या पडद्यावर नव्हे. गुप्त किल्ली चौकटीत ठेवली, तर ती गुप्त राहत नाही.

आपल्या कामात याची गरज कोठे?

महाराष्ट्राला दूरस्थ कृषी-सल्ला नवा नाही. आयआयटी मुंबईने बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने २००३ मध्ये 'आक्वा' ही प्रश्नोत्तर-व्यवस्था सुरू केली. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न विचारावा आणि तज्ज्ञाने उत्तर द्यावे, ही तिची पद्धत. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यातून २००९-१० मध्ये 'क्रॉपसॅप' हा कीड-सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प उभा राहिला. कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि दिल्लीतील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्र यांनी मिळून शेतातील निरीक्षणे ऑनलाइन भरण्याची व त्यावरून लघुसंदेशाने सल्ला देण्याची घडी बसविली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तीत मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे.

असे असताना समाजमाध्यमाच्या चौकटीत आणखी एका अ‍ॅपची भर कशाला? कारण शेतकऱ्याची संध्याकाळ आपल्या संकेतस्थळावर जात नाही. ती समूहांत जाते. तेथेच कोणी तरी बोंडाचे छायाचित्र टाकतो, दुसरा कीटकनाशकाचे नाव सांगतो, तिसरा त्यात आणखी एक औषध मिसळण्याचा सल्ला देतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उंच वाढलेले कपाशीचे पीक, संरक्षक साधनांचा अभाव, औषधांची मिश्रणे अशी अनेक कारणे त्यामागे सांगितली गेली. प्रत्येक टाळता येण्याजोगी फवारणी टाळणे हा आपल्यासाठी केवळ खर्चाचा प्रश्न राहिलेला नाही.

म्हणून आम्ही ठरविले की समूहातील चर्चेच्या शेजारीच एक छोटी चौकट असावी आणि तिने औषधाचे नाव न सांगता आधी मोजणी करून घ्यावी. सापळ्यात रात्री किती पतंग सापडले? सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग असतील, तर धोक्याची पातळी गाठली. शेतात फिरून निवडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी किती बोंडे फोडल्यावर अळी दिसली? दोन किंवा अधिक, म्हणजे दहा टक्के, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. त्याखाली असेल तर सापळे पाहत राहा, डोमकळ्या तोडून नष्ट करा. एवढेच चौकटीने सांगावे. कागदावरही करता येईल असे हे गणित आहे. चौकटीचा उपयोग इतकाच की ते गणित वाद चालू असताना वादाच्या जागी हजर राहते.

माझी चूक

ही चौकट आम्ही एका माध्यमावरील मोजक्या सदस्यांच्या समूहात चाचणीसाठी ठेवली. निरोपांचा उगम आम्ही तपासत होतो, मोर्तब तपासत होतो आणि त्याबद्दल मनातून थोडे समाधानही होते.

ऑक्टोबरमधील एका संध्याकाळी लक्ष्मीबाई नगरातील घरी फोन वाजला. यवतमाळ जिल्ह्यातील चाचणी-समूहातील एक शेतकरी भगिनी बोलत होत्या. "मॅडम, तुमच्या चौकटीत 'फवारणीची गरज नाही' असं दिसते. अन् माझ्या सापळ्यात तीन रातीपासून अकरा-अकरा पतंग हायेत. कोणाचं खरं धरू?"

मी म्हणाले, "सापळ्याचं खरं धरा. सकाळी वीस बोंडं फोडून बघा आणि मला कळवा."

दुसऱ्या दिवशी त्यांना तीन बोंडांत अळी मिळाली. पातळी ओलांडली होती आणि आमचे अ‍ॅप आकडे भरल्यावर ते बरोबर सांगतही होते. मग 'गरज नाही' कोठून आले? शोध घेता कळले की अ‍ॅपचा दुवा समूहात टाकला, की यजमान माध्यम त्याचे शीर्षक आणि सारांश वाचून एक दर्शनी पत्रक तयार करते व ते स्वतःकडे साठवून ठेवते. मी हौसेने त्या आठवड्याचा निष्कर्षच शीर्षकात घातला होता. पंधरवडा उलटला, परिस्थिती बदलली, आम्ही आतला सल्ला बदलला. दारावरची पाटी मात्र जुनीच राहिली. अ‍ॅप न उघडता पाटी वाचणाऱ्यांसाठी पाटी हाच सल्ला होता.

त्या भगिनींकडे सापळा होता आणि शंका घेण्याची सवय होती, म्हणून नुकसान टळले. दोष यजमानाचा नव्हता. साठवण करणे ही त्याची जाहीर रीत होती. मीच नाशवंत माल टिकाऊ भांड्यात भरला होता. त्यानंतर शीर्षकात आम्ही केवळ प्रश्न ठेवतो : 'आज सापळ्यात किती पतंग?' निष्कर्ष नेहमी चौकटीच्या आत, आकडे भरल्यानंतर, आणि तारखेसह.

पाहुण्याची हाव

मामेभावाच्या खेळाला मित्रांची नावे यजमानाने दिली होती. आणि सुरुवातीच्या पडद्यावरील परवानगीचे बटण त्याने न वाचता दाबले होते. तेव्हा ते निरुपद्रवी वाटले. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघडकीस आले, तेव्हा या सवयीची किंमत जगाला कळली. फेसबुकला जोडलेल्या व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या एका अ‍ॅपने वापरणाऱ्यांबरोबर त्यांच्या मित्रांचाही तपशील गोळा केला होता. फेसबुकने दिलेल्या अंदाजानुसार भारतात ते अ‍ॅप केवळ ३३५ जणांनी घेतले होते. परंतु त्यामुळे ज्यांच्या माहितीला झळ पोहोचली असावी अशा भारतीयांची संख्या ५,६२,४५५ होती.

शेतीच्या अ‍ॅपमध्ये असे कोणी का करील, असे वाटू शकते. परंतु कोणत्या गावात, कोणाच्या शेतात, कोणत्या आठवड्यात कीड वाढली आहे ही माहिती औषध विकणाऱ्याला मोलाची आहे, पीक विकत घेणाऱ्यालाही मोलाची आहे. आमच्या पहिल्या आराखड्यात नाव, मोबाइल क्रमांक, गट क्रमांक आणि मित्रयादी अशा चार गोष्टी मागितल्या होत्या. 'पुढे उपयोगी पडतील' एवढेच त्यांचे समर्थन होते. बोंडांचे गणित करायला यातील एकही लागत नाही. आता आम्ही तालुका तेवढा विचारतो आणि तोही ऐच्छिक. संमती, हेतू आणि हेतूपुरतीच माहिती या तत्त्वांना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने कायद्याचे रूप दिले आहे. विस्तार कार्यकर्त्याने तो कायदा येण्यापूर्वीही हीच मर्यादा पाळायला हवी होती.

उलट दिशेचा धोकाही आहे. आपली चौकट कोणीही आपल्या पानात बसवू शकतो. एखाद्या विक्रेत्याने तिच्याभोवती औषधाची जाहिरात लावली, तर शेतकऱ्याला वाटेल की संशोधन संस्थाच ते औषध सुचवीत आहे. चौकट पारदर्शक करून तिच्याखाली भलतेच बटण ठेवण्याच्या फसवणुकीला २००८ मध्ये 'क्लिकजॅकिंग' हे नाव मिळाले. यावर उपाय असा की आपल्याला कोणत्या यजमानांच्या घरात बसविता येईल याची यादी पाहुण्याचा सर्व्हर ब्राउझरला आधीच सांगतो. यादीबाहेरच्या पानात चौकट उघडतच नाही. ही यादी अ‍ॅप बनविणाऱ्याकडून मागून घ्यावी.

यजमान बदलतो

एका यजमानावरच जगणारी कीड यजमान नाहीसा होताच संपते. अनेक यजमानांवर जगणारी टिकते. चौकटीतील अ‍ॅपांचा इतिहास असाच आहे. फेसबुकने अ‍ॅपांसाठी बनविलेली स्वतःची मांडणीभाषा २०१२ मध्ये बंद केली आणि तिच्यावर उभी असलेली अ‍ॅपे पुन्हा लिहावी लागली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्याच दिवशी फार्मव्हिलची शेते मिटली. मार्च २०२० पासून सफारी ब्राउझर चौकटीतील परक्या संकेतस्थळाच्या कुकी सरसकट अडवितो. त्यामुळे वाचकाला ओळखण्यासाठी कुकीवर विसंबलेल्या चौकटी तेथे अडखळतात.

आपल्यासाठी याहून मोठी गोष्ट अशी की शेतकऱ्याच्या हातात संगणक नाही, मोबाइल आहे. फेसबुकच्या चौकटीतील जुनी अ‍ॅपे संगणकावरील पानासाठी होती. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणात आपले पान चौकट म्हणून बसविता येत नाही. दुवा दाबल्यावर ते वेगळे उघडते. टेलिग्रामचे लघुअ‍ॅप संगणकावरील ब्राउझरमध्ये चौकटीत चालते, तर मोबाइलवर त्या अ‍ॅपच्या आतील पडद्यावर. म्हणून आम्ही रचना उलटी केली. मोजणीचे पान आधी स्वतंत्रपणे चालेल असे बांधले. संथ जोडणीवरही ते उघडावे म्हणून चित्रे काढून टाकली. ते उघडताच यजमानाला एक निरोप पाठविते. ओळखीचे उत्तर आले तर भाषा व उंची जुळवून घेते, आणि उत्तर आलेच नाही तर रुसून न बसता एकटे काम करते.

अ‍ॅप करवून घेणाऱ्यांसाठी

कृषी विज्ञान केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा एखादा गट असे अ‍ॅप बनवून घेणार असेल, तर काम सोपविण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१. अ‍ॅप यजमानाला कोणते निरोप पाठविते आणि त्याच्याकडून कोणते स्वीकारते? यादी एका पानात मावली पाहिजे.

२. प्रत्येक निरोपाचा उगम पूर्ण नावाने तपासला जातो का? पाठविताना तारांकित चिन्ह वापरलेले नाही ना?

३. यजमानाने दिलेल्या ओळखीची स्वाक्षरी सर्व्हरवर पडताळली जाते का? गुप्त किल्ली कोणाच्या ताब्यात आहे?

४. वाचकाची कोणती माहिती मागितली जाते आणि त्यातील प्रत्येक बाब कोणत्या गणितासाठी लागते? जिला उत्तर नाही ती वगळावी.

५. सल्ल्याचा कोणता भाग यजमानाकडे साठून राहील? त्यात शिफारस असता कामा नये.

६. प्रत्येक निष्कर्षावर तारीख आणि तो कोणत्या आकड्यांवरून काढला ते दिसते का?

७. उद्या हे माध्यम बंद पडले, तर तेच पान दुव्यावरून एकटे चालेल का?

यांपैकी एकाही प्रश्नासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. किडीचे निरीक्षण करताना आपण जी शिस्त पाळतो, म्हणजे नमुना कोठून आला, कोणी घेतला, केव्हा घेतला, तीच येथे लागते.

मामेभाऊ आता नोकरीला लागला आहे. मागच्या भेटीत मी त्याला आमची चौकट दाखविली. त्याने वीसपैकी तीन असे आकडे भरले, निष्कर्ष वाचला आणि विचारले, "यात माझे मित्र कुठे दिसतात?" मी सांगितले की दिसत नाहीत, कारण तुझ्या बोंडांतील अळी मोजायला त्यांची गरज नाही. त्या भगिनींचा मात्र दर हंगामात फोन येतो. त्या चौकट वापरतात, आणि तिने काहीही सांगितले तरी पहाटे एकदा सापळा पाहून येतात. आमच्या अ‍ॅपचा याहून चांगला वापर मला ठाऊक नाही.